लांबलचक फँटसी मालिका: कुठे रमलात, कुठे अडकलात?

परवा रात्री 'व्हील ऑफ टाइम'चा चौदावा भाग संपवला. तीन वर्षं लागली, मध्ये दोनदा सोडून दिली होती, आणि आता दुसरं काही वाचवतच नाहीये, कुठलंही पुस्तक उघडलं की ही माणसं कोण, यांचा माझा काय संबंध असं होतंय. म्हणून म्हटलं तुम्हा सगळ्यांना विचारावं. अशा मोठ्या मालिका वाचताना तुम्ही कुठे रमलात, कुठे वैतागलात, सोडली असेल तर का सोडली, सगळं लिहा. फक्त शेवट फोडू नका.

माझं सांगते. आठव्यापासून दहाव्यापर्यंत गोष्ट पुढे सरकतच नाही. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्यात कितीतरी पानं ती लांबून कुणाकुणाला कशी जाणवली यातच जातात. मी पुस्तक मिटलं ते सहा महिने हात नाही लावला. पण नायनीव्ह डोक्यातून जाईना. पहिल्या भागात मला तिचा राग यायचा आणि आता तिचं काय झालं असेल म्हणून मीच कासावीस, असं एखाद्या सुट्या कादंबरीत माझं कधी झालेलं नाही, त्याला तेवढी पानं सोबत काढावी लागतात. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले, शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननी पूर्ण केले, त्यामुळे बारावा उघडताना धाकधूक होती. मॅट नावाच्या पात्राचं बोलणं सुरुवातीला परकं वाटलंच. पण अगदी शेवटचा प्रसंग जॉर्डननी जाण्याआधी स्वतः लिहून ठेवला होता हे मला वाचून झाल्यावर कळलं, आणि मी तो परत काढून वाचला.

* * *

ताई, ते मधले भाग मी ऐकून पार केले. डोळे लवकर दुखतात म्हणून मी ऑडिओबुकवाला. ही मालिका मायकल क्रेमर आणि केट रीडिंग या नवरा-बायकोने वाचलीये, प्रकरण पुरुषाच्या नजरेतून असेल तर तो वाचतो, बाईच्या नजरेतून असेल तर ती. चौदाच्या चौदा भाग तेच दोघं. त्यामुळे लेखक बदलला तरी माझ्या कानात आवाज तोच राहिला आणि मला तो सांधा फारसा जाणवलाच नाही. त्रास एकच, नावांची स्पेलिंगं मी कधी पाहिलेलीच नाहीत, मालिकेबद्दल काही शोधायचं म्हटलं की अडतंय.

* * *

नावांचा विषय निघालाच आहे तर 'मलाझन'. दहा भाग, पहिला १९९९ साली आला. पहिल्या पानापासून कोणी काही समजावून सांगत नाही, देव कोण, सैन्य कुणाचं, जादू कुठून येते, काहीच नाही. मी वहीत नावं लिहून काढायला लागलो, बाण काढून नाती जोडायला लागलो. कसाबसा पहिला संपला, माणसं ओळखीची झाली, तर दुसऱ्यात गोष्ट वेगळ्याच खंडात आणि बरीचशी माणसं नवी! पाचव्यात पुन्हा तेच. तेव्हा खरंच रडकुंडीला आलो होतो. पण त्या दुसऱ्या भागात हजारो निर्वासितांना घेऊन एक सेनापती वाळवंटातून चालत राहतो ना, ते वाचताना वही कधी बाजूला पडली कळलं नाही. नंतर मी ती उघडलीच नाही. जे कळलं नाही ते पुढे कळेल म्हणून सोडून द्यायचं, हे मला त्या पुस्तकाने शिकवलं. आणि बहुतेक वेळा कळतंच, चार भागांनंतर एखादं वाक्य येतं आणि मागचं सगळं लख्ख दिसतं. त्या क्षणासाठी मी परत हजारो पानं वाचीन.

* * *

माझं दुखणं वेगळं आहे, वाट बघण्याचं. नाव नाही घेत, जिच्यावरून 'गेम ऑफ थ्रोन्स' झालं ती, ओळखाल. पहिलं पुस्तक १९९६, पाचवं २०११, सहावं अजून नाही. चौथ्यात माझं सगळ्यात लाडकं पात्र अख्ख्या पुस्तकात एकदाही येत नाही, कारण गोष्ट इतकी पसरली होती की अर्धी माणसं चौथ्यात आणि अर्धी पाचव्यात अशी वाटून टाकावी लागली. मी कॉलेजात होते तेव्हा आम्ही पाच जणी मिळून वाचायचो, रात्र रात्र चर्चा. आता त्यातल्या दोघींशी संपर्कही नाही. सहावं आलं तर ते कुणाशी बोलू हेच कळत नाही मला.

* * *

थांबून वाचण्याचं सुख पण असतं हो. अर्सुला ल ग्विनच्या 'अर्थसी'ची पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली, चौथं थेट १९९० साली. मी पहिली तीन शाळेत असताना वाचली. चौथं हातात आलं तेव्हा मी चाळिशीची. दुसऱ्या पुस्तकातली ती पोरगी, टेनार, इथे विधवा बाई आहे, मुलं मोठी होऊन गेलीयेत, आणि तो महान जादूगार सगळी शक्ती गमावून तिच्या दारात येतो. शाळेत असताना वाचलं असतं तर यात जादू कुठेय म्हणून ठेवून दिलं असतं. भांडी घासणं, शेळ्या राखणं, जखमी पोरीला सांभाळणं, हेच सगळं आहे त्यात. मला ते चारही पुस्तकांत सगळ्यात जवळचं वाटतं.

* * *

मी एक मालिका तिसऱ्या भागात सोडली. मेलेलं माणूस परत आणलं, एकदा ठीक, दुसऱ्यांदा पण आणलं. मग कुणाच्याही जिवाची भीती वाटेनाशी झाली आणि भीती गेली तशी मायाही गेली. पुढचे भाग अजून तसेच पडलेत.

* * *

ज्यांना एवढ्या मोठ्या मालिकांचं दडपण येतं त्यांनी 'डिस्कवर्ल्ड' घ्या. ४१ कादंबऱ्या आहेत पण बहुतेक सुट्या वाचता येतात, मी मधूनच कुठूनतरी सुरू केलं होतं. लेखक टेरी प्रॅचेट २०१५ साली गेले, शेवटचं पुस्तक त्यांच्यानंतर आलं. माझी चाळीस वाचून झालीत. शेवटचं घेऊन ठेवलंय, उघडलेलं नाही. ते वाचलं की तिथलं नवीन काही उरणार नाही.

* * *

कुठे ठेवलंय मग? नजरेआड की समोर?

* * *

समोरच. बाकीच्या चाळीसांच्या शेजारी, त्याच फळीवर. धूळ पुसताना तेवढं हातात घेते.