सेदरच्या ताटात संत्रं: खायचं कधी, आणि पाव का नको?

लिंबोणी:
पेसाह या यहुदी सणाच्या सेदरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, यंदा चौदा जणी आहेत, बहुतेक लेस्बियन जोडपी. ताटात संत्रं ठेवायचं ठरलंय. दोघींचं म्हणणं, मूळ प्रथा पावाच्या तुकड्याची. खरं काय? आणि संत्रं नुसतं ठेवायचं की खायचं?

खजूरशिरा:
पाव नकोच. एरवी वर्ज्य पदार्थ साठात एक भाग चुकून मिसळला तर चालून जातं. पेसाहात खमेत्झ, म्हणजे पावासारखं आंबलेलं धान्य, कणभर असला तरी चालत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ओबरलिन कॉलेजातल्या विद्यार्थिनींच्या हग्गादात, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीत, तो पाव होता. यहुदी धर्माच्या अभ्यासक सुझाना हेशेल यांना त्यामागचा राग पटला, पण खूण खटकली: लेस्बियन असणं म्हणजे यहुदीपण बाटवणं, असा अर्थ निघतो. म्हणून त्यांनी संत्रं ठेवलं. लेस्बियन आणि गे माणसांना सामावून घेतलं की सगळ्या समाजालाच फळ धरतं, हा त्याचा अर्थ. विधवांचाही उल्लेख त्या करत.

ते खायचंच. फोडीतल्या बिया थुंकायच्या, त्यांच्याबरोबर द्वेषही. त्यामुळे बिनबियांचं फळ आणू नका. मोसंबीपेक्षा संत्रं बरं, सुरीशिवाय फोडी सुटतात. एका फळात साधारण दहा फोडी. दोन सोला, तिसरं ताटात अख्खं राहू द्या.

वेळ सुरुवातीची, कारपासनंतर, म्हणजे सुरुवातीला बुडवून खायच्या भाजीनंतर लगेच. कारपासची ब्राखा (खाण्याआधीचं स्तुतिवचन) जमिनीतल्या पिकाची, ती झाडाच्या फळाला लागू नाही. संत्र्यासाठी ‘बोरे पेरी हाएत्झ’ वेगळी म्हणा. प्रत्येकीला एकच फोड द्या. ती कझाइत या किमान मापापेक्षा कमी भरते, म्हणून खाल्ल्यानंतरच्या ब्राखेचा प्रश्न येत नाही. शेवटावर ढकलू नका, अफिकोमाननंतर, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानंतर काही खाता येत नाही.

पानोपानी:
गोष्ट सांगताना एक चूक हमखास होते. ‘बाई बिमावर (सिनेगॉगच्या व्यासपीठावर) म्हणजे सेदरच्या ताटात संत्रं,’ असं एक पुरुष हेशेल यांच्यावर ओरडला, ही कथा सगळीकडे फिरते. असं काही घडलंच नाही, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. या कथेत बाईची कल्पना पुरुषाच्या नावावर जाते आणि लेस्बियन पार पुसल्या जातात. तुमच्या सेदरला तरी ती वाचू नका.

लिंबोणी:
मग खरी गोष्ट मराठीतच लिहून वाचतो. पान कसं मांडू?

पानोपानी:
हिब्रू आणि मराठी एकत्र. पुण्यात 1874 साली अशी हग्गादा छापली गेली आहे. ब्राखा हिब्रूत, खाली देवनागरीत उच्चार, मग अर्थ. हिब्रू उजवीकडून चालते, तेव्हा पानं उजव्या कडेला स्टेपल करा. गोष्ट दोन मिनिटांत संपेल एवढीच ठेवा, फोडी तोवर हातात असतात.