गिरणगाव: खातं, खोली, जमीन, पूल – माहीतगारांनी लिहावं

लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी, भायखळा हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मधल्या सव्वाशे वर्षांत इथले रस्ते, खोल्या, जेवण, झोप सगळं गिरणीच्या पाळीवर बेतलं गेलं. गिरण्या गेल्या, पण ते बेतलेलं अजून तसंच आहे, आणि आज इथे जे अडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आठवणी भरपूर लिहून झाल्यात. या धाग्यावर एखादी गोष्ट कशी चालायची, कशी चालते आणि कुठे बिघडते तेवढंच लिहावं, ही विनंती.

लूमखातं

कापसाच्या गाठी ब्लो रूममध्ये फुटायच्या. तिथून कार्डिंग, ड्रॉइंग, स्पीड फ्रेम, रिंग, वाइंडिंग, वॉर्पिंग, सायझिंग (सुताला खळ देणं) आणि शेवटी लूम, म्हणजे माग. रिंगखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, हवेतला दमटपणा साधारण 55 ते 60 टक्के लागतो, लूमखात्यात 75 ते 85. हवा कोरडी झाली की खळ दिलेलं ताण्याचं (उभं) सूत कडक होऊन पटापट तुटतं आणि प्रत्येक तुटीला लूम थांबतो. समुद्राकाठची मुंबई सुती गिरण्यांना मानवली त्यात या दमट हवेचाही वाटा होता. तरीही पाण्याचे फवारे मारावेच लागत, त्यामुळे लूमखातं बारा महिने घामट.

छपरं करवतीच्या दात्यांसारखी, काचा उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, थेट ऊन येत नाही आणि कापडातला दोष लगेच दिसतो. कार्डिंगला सर्वांत जास्त तूस उडायचं. वर्षानुवर्षं ते छातीत गेलं की बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार. त्याची खूण अशी की सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती सर्वांत जास्त आवळते आणि आठवडा सरता सरता त्रास उतरतो. साध्या दम्यात असा क्रम नसतो.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. धोट्यातली (आडवं सूत नेणाऱ्या साधनातली) कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. 'विटाळ' होतो म्हणून याच कारणाने दलित कामगारांना लूमखात्यात शिरू देत नसत, आणि जास्त मजुरी लूमखात्यातच होती. ते बहुतेक रिंगखात्यात अडकले. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनपुढे मांडला होता. एकजुटीचा इतिहास सांगताना हे वगळलं तर तो अर्धाच राहतो.

चाळदुरुस्ती

आधी चाळ कशाची आहे ते पाहा, कारण औषध त्यावर ठरतं. खाजगी मालकांच्या जुन्या चाळी बहुतेक सागवानी खांब-तुळयांच्या, भिंती चुन्यात बांधलेल्या, वर मंगलोरी कौलं. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी 1920 च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन, आरसीसी. वरळी 121, नायगाव 42, ना. म. जोशी मार्ग 32, शिवडी 12, मिळून मुळात 207 इमारती. खोली साधारण 160 चौरस फुटांची.

सागवानी चाळीत पहिला घात मोरीचा. मोरीची फरशी उकलली की पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरतं आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. वरून रंग नीट दिसतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा: बोटभर सहज आत गेला तर ते टोक गेलं. दुसरा घात लोक स्वतः करतात, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून विटांसकट सुटतो. तिसरा घात तळमजल्याच्या गाळ्यात, दर्शनी भाग मोकळा करायला खांब कापतात आणि वरच्या सगळ्या मजल्यांचा भार एका गर्डरवर येतो.

बीडीडीत दुखणं वेगळं. तिथे आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबची खपली पडते. नुसतं सिमेंट थापून उपयोग नाही. सळई उघडी करून, गंज काढून, रसायन लावून मगच भरायचं.

1940 पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारती 'अ' वर्गात येतात. पावसाळ्यापूर्वी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. तीत नाव नाही म्हणजे इमारत सुरक्षित आहे असं धरू नका.

गावची खोली आणि खानावळ

कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांनी इथे गावाच्या नावाने खोली धरली होती, काही अजून आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत तीस-तीस नावं कशी मावत? एकाला एक ट्रंक, एक खुंटी आणि वळकटीपुरती जागा. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. एकजण उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. वर्गणी, झाडलोट, पाणी भरण्याची पाळी सगळं ठरलेलं आणि हिशेबाची वही एकाच्या ताब्यात. जिथे वही बंद पडली तिथे खोलीवर भांडणं लागली, कारण भाडेपावती कुणा एकाच्या नावावर आणि हक्क मात्र सगळ्या गावाचा. पुनर्विकासात हीच गाठ सुटता सुटत नाही. जुन्या वह्या जपा, तोच पुरावा आहे.

खानावळवाल्या बायांचा हिशेब महिन्याचा. किराणा उधारीवर, वसुली पगाराला. पगार लांबला की सावकार. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा ही साखळी तुटायला लागली. संपाचं सगळ्यात कमी लिहिलं गेलेलं पान खानावळींचं आहे. उधारी थकली, पण ताटं बंद करता येईनात.

मसाला

गावी जाताना वर्षाचा मसाला बांधून न्यायची रीत होती, तिच्यावर लालबागची मसाला गल्ली वाढली. मार्च ते मे गर्दी. मिरची देठ काढून कडक उन्हात वाळवा, हातात मोडल्यावर कट्ट वाजली पाहिजे. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. किलोभर मिरचीला साधारण पाव किलो धणे, बाकी खडा मसाला घरागणिक. कुटायचा तो डंकावर. चक्कीत मसाला तापतो, तेल उडतं, रंग काळवंडतो. डंकावरून आणल्यावर पूर्ण निवू द्या, मगच बरणीत भरा आणि वर हिंगाचे खडे ठेवा. गरम भरला तर वाफ धरून जाळी लागते.

जमिनीचा हिशेब

मुंबईत गिरण्या 58 होत्या, जमीन सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त रिकाम्या जागेची झाली. समजा गिरणी 9 एकर, त्यात शेड आणि इमारती 6 एकरांवर. आधी पालिका आणि म्हाडाला 3-3 एकर मिळाले असते, दुरुस्तीनंतर रिकाम्या 3 एकरांतून 1-1. गिरणीत बहुतेक जमीन शेडखालीच असते, त्यामुळे एका वाक्याच्या बदलाने मैदानं आणि घरं दोन्ही गेली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. लोअर परळला टॉवर आहेत आणि मुलांना मैदान नाही, याचं कारण हेच.

घराचे कागद

गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरांना 1 जानेवारी 1982 रोजी किंवा नंतर पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस पात्र. पहिली सोडत जून 2012 ला निघाली, घरं 225 चौरस फुटांची. पुरावा म्हणून ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपटाचा उतारा, पगारपावती, भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयसी क्रमांक असं काहीही जपून ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. पटावर नुसतं नाव आणि बापाचं नाव, आधारवर आडनावासकट. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. वारस एकाहून जास्त असतील तर बाकीच्यांची संमती लेखी घ्या, सोडतीत नंबर लागल्यावर ती मिळवणं फार जड जातं. लाल पास लॅमिनेट करू नका, शाई उडते आणि शिक्का वाचता येत नाही. फोटोकॉपी काढून मूळ पास कोरड्या पाकिटात ठेवा.

पूल

गिरणी कामगार बहुतेक गेटपासून चालण्याच्या अंतरावर राहायचा, त्यामुळे इथली स्टेशनं आणि पादचारी पूल अरुंदच राहिले. ऑफिसं आल्यावर तीच गर्दी सगळी रेल्वेने, एकाच तासात उतरू लागली. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला. एल्फिन्स्टनचा जुना उड्डाणपूल सप्टेंबर 2025 पासून बंद आहे, त्यामुळे केईएम आणि टाटा रुग्णालयांना प्रभादेवीकडून येणाऱ्यांनी गाडीसाठी करी रोड किंवा टिळक पुलाचा वेळ धरावा. पायी येणाऱ्या रुग्णाला प्रभादेवीला उतरवून पादचारी पुलाने परळला आणणं सोपं पडतं. मात्र सकाळी नऊ ते अकरा टाळा, आणि पाऊस जोराचा असेल तर हिंदमाताकडून टॅक्सी घेऊ नका, तिथे पाणी तुंबतं.