नोकरीला नकार आल्यावर तुम्ही उलट काय कळवलंत? अनुभव सांगा

माझा लहान भाऊ जॉब शोधतोय. परवा एका ठिकाणी शेवटच्या राउंडपर्यंत जाऊन नकाराचा मेल आला आणि आता त्याचं म्हणणं की उत्तर कशाला द्यायचं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही, कारण मी फार्मामध्ये क्वालिटीला आहे आणि आमच्याकडे तीच तीच माणसं या कंपनीतून त्या कंपनीत फिरत असतात, आज ज्या मॅडमनी नाही म्हटलं त्या उद्या माझ्याच साइटवर हेड म्हणून येऊ शकतात. म्हणून विचारतेय, नकार आल्यावर काय लिहिलंत, कोणाला लिहिलंत, पुढे काही झालं का? काहीच झालं नसेल तरी सांगा.

रिक्रूटरताई, पुणे
मी आयटी हायरिंगमध्ये आहे, टेबलाच्या पलीकडून सांगते. आपल्याकडे बऱ्याच आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड असतो. म्हणजे आम्ही ज्याला ऑफर दिली तो त्या तीन महिन्यांत ती ऑफर दाखवून आणखी चार ठिकाणी बोलून येतो आणि जॉइनिंगच्या आठवड्यात फोनच उचलत नाही. हे रोजचं आहे. तेव्हा प्रोजेक्ट मॅनेजर माझ्यामागे लागलेला असतो, नव्याने शोधायला वेळ नसतो, मग मी आधी बघते की दोन नंबरवर कोण होतं. आता त्या दोन नंबरवाल्याने नकाराच्या मेलवर "तुमच्या पॅनलला काही येत नाही" असं लिहिलेलं असेल तर मीच काय, कोणीही त्याला फोन करायला कचरणार. आणि "थँक्यू, पुढे काही निघालं तर नक्की कळवा, मी अमुक तारखेला मोकळा होतोय" एवढं लिहिलेलं असेल तर त्याला त्याच संध्याकाळी फोन जातो. ती मोकळं व्हायची तारीख लिहाच, कोणी लिहीत नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त तीच हवी असते.

चाकणकर
सगळे एचआरबद्दल बोलणार, मी रेफरन्स देणाऱ्याबद्दल बोलतो. माझं नाव माझ्या जुन्या सुपरवायझरने टाकलं होतं, टूलरूमची जागा होती. नकार आला तर मी आधी त्यांना फोन केला, म्हटलं दादा नाही झालं, पण तुम्ही शब्द टाकलात म्हणून निदान आतपर्यंत गेलो, आणि इंटरव्ह्यूत काय काय विचारलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस सांगितलंस, नाहीतर पोरं गायब होतात आणि मला गेटवर दुसऱ्याच कोणाकडून कळतं. पुढे त्यांनीच एका प्रेसपार्टवाल्या व्हेंडरकडे माझं नाव दिलं, आज तिथेच आहे. ज्याने आपल्यासाठी तोंड उघडलं त्याला नकार आपल्याच तोंडून कळला पाहिजे, हे मला कंपनीला मेल करण्यापेक्षाही मोठं वाटतं.

सेटवाली, विदर्भ
माझा अनुभव गोड नाही पण लिहिते. सिनिअर कॉलेजला असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखत दिली, डेमो लेक्चर चांगलं झालं, निवड दुसऱ्याची झाली. आधीच ठरलेलं होतं असं बाहेर सगळे म्हणत होते. राग आला, अजून आहे. पण संस्थेवरचा राग मी विभागप्रमुखांवर काढला नाही, त्यांच्या हातात फारसं नसतं हे मला माहीत होतं. काही दिवस जाऊ दिले, मग भेटायला गेले आणि एवढंच विचारलं की सर, शिकवण्यात कुठे कमी पडले ते सांगा. निवड का नाही केली हे विचारलंच नाही. सरांनी बसवून घेतलं आणि दोन गोष्टी नीट सांगितल्या, फळ्यावर कमी लिहितेस आणि मराठी माध्यमातून आलेली पोरं तुझ्या वेगाने मागे पडतील. नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासाप्रमाणे मानधन घेऊन शिकवणारं माणूस हवं होतं, सरांनी स्वतः फोन केला. सीएचबी म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको, मानधन कधी येईल याचा भरवसा नाही, कायम नोकरी तर नाहीच. तरी वर्गात उभी आहे.

स्टुटगार्टहून
इकडे जर्मनीत नकाराचं कारण विचारून बहुतेक काही मिळत नाही हे नवीन येणाऱ्यांना सांगायचंय. समान वागणुकीचा कायदा २००६ पासून आहे, त्यामुळे कंपन्या लेखी कारण द्यायला घाबरतात, उद्या कोणी भेदभावाचा दावा केला तर तोच कागद पुढे येईल म्हणून. मेल ठरावीक साच्याचा येतो, तो मनाला लावून घेऊ नका. मी टेक्निकल मॅनेजरला फोन करून विचारलं की या कामासाठी माझं जर्मन पुरेसं वाटलं का, कारण न विचारता असं नेमकं विचारलं की माणसं मोकळं बोलतात. आणखी एक, इथे अर्जाची कागदपत्रं साधारण सहा महिन्यांत काढून टाकतात. पुढच्या जागेसाठी तुमचं नाव राहावं असं वाटत असेल तर "माझा अर्ज ठेवून घ्यायला माझी संमती आहे" हे स्वतःहून लिहा.

डिझायनर
थोडं वेगळं मत. संबंध टिकवायचे म्हणजे सगळं गिळायचं असं नाही ना? मला एका स्टार्टअपने असाइनमेंट म्हणून अख्ख्या अॅपचे स्क्रीन करायला लावले, शनिवार रविवार गेला, मग नुसती शांतता. मी लिहिलं की वेळ दिल्याबद्दल आभार, निर्णय झाला असेल तर कळवा, आणि हे काम मी फक्त निवडीसाठी दिलंय, प्रॉडक्टमध्ये वापरायचं असेल तर आधी बोलू. आवाज चढवला नाही पण सोडलंही नाही. तिथल्या डिझाइन लीडने माफी मागितली, आणि नंतर ती दुसरीकडे गेल्यावर मला फ्रीलान्स कामासाठी तिनेच विचारलं.

धागाकर्ती
खूप छान लिहिताय सगळे. रिक्रूटरताई, मेल बरा की व्हॉट्सअॅप?

रिक्रूटरताई, पुणे
मेल, आणि आलेल्या मेललाच रिप्लाय करायचा म्हणजे सहा महिन्यांनी शोधलं तरी सगळं एकाखाली एक सापडतं. नो-रिप्लाय पत्त्यावरून आला असेल तर ज्या एचआरने इंटरव्ह्यू लावला तिला लिहा. पॅनलमधल्या सगळ्यांना लिंक्डइनवर गाठू नका. आणि रात्री रागात काही पाठवू नका, सकाळी पाठवलं म्हणून काही बिघडत नाही. पुन्हा अर्ज करायला बऱ्याच ठिकाणी सहा महिने थांबावं लागतं, तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

धागाकर्ती
भावाने शेवटी लिहायला घेतलं. बघा कसं वाटतंय: "नमस्कार मॅडम, निर्णय कळवल्याबद्दल आभार. तुमच्या टीमशी बोलून बरंच शिकायला मिळालं, विशेषतः डेटाबेसच्या राउंडमध्ये. मी १५ तारखेनंतर कधीही जॉइन होऊ शकतो, पुढे जागा निघाल्यास जरूर कळवा. माझी निवड का झाली नाही हे सविस्तर कळवाल अशी अपेक्षा आहे."

रिक्रूटरताई, पुणे
शेवटचं वाक्य काढ म्हणावं. त्याऐवजी "डेटाबेसमध्ये मी आधी काय पक्कं करावं?" एवढंच विचारू दे, त्याला मीसुद्धा उत्तर देईन. बाकी मस्त आहे, पाठव.