परतलेल्या भाज्यांना पाणी सुटते आणि टोफूचा भुगा होतो, मदत हवी आहे

सांजवेळ:
कामावरून आल्यावर स्वयंपाकासाठी माझ्या हाती जेमतेम अर्धा तास असतो. तेवढ्यात भरपूर भाज्या असलेले आणि सगळ्यांना एकत्र बसून खाता येईल असे काही हवे, म्हणून मी चिनी पद्धतीने भाज्या व टोफू परतून भाताबरोबर वाढू लागले. पण तीन आठवड्यांत ते एकदाही नीट जमलेले नाही. भाज्या पाणी सुटून लिबलिबीत होतात, टोफूचा भुगा होतो, आणि मग चव यावी म्हणून आणखी सोया सॉस घातला की सगळे खारट होते. काल धाकटीने भाज्या ताटाच्या कडेला सारून नुसता भात खाल्ला. कृपया नवी पाककृती सुचवू नका, माझे नेमके कुठे चुकते ते सांगा.

खमंग:
किती माणसांचे करता, भांडे कोणते वापरता, भाज्या ताज्या असतात की गोठवलेल्या आणि त्या कढईत कोणत्या क्रमाने जातात, हे कळल्याशिवाय कोणालाही नेमके सांगता येणार नाही.

शेवया_सम्राट:
भाताऐवजी सोबा नूडल्स करून पाहा. त्या चार-पाच मिनिटांत शिजतात; फक्त उकडल्यावर गार पाण्याखाली चोळून धुवाव्यात, म्हणजे वरचा पिठूळपणा जातो आणि त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

सांजवेळ:
भाताची मला अडचण नाही. आम्ही पाच जण आहोत, भांडे नॉनस्टिक आहे आणि भाज्या ताज्या असतात. त्या धुऊन, चिरून मी एकदमच घालते आणि गाजर कच्चे राहू नये म्हणून वर झाकण ठेवते. आच मोठीच असते.

खमंग:
झाकण ठेवल्यावर ते परतणे राहत नाही, वाफवणे होते. भाजीतून बाहेर पडणारे पाणी त्या क्षणी वाफ होऊन उडून जायला हवे. पाच जणांची भाजी एकदम पडली की भांडे थंडावते आणि ते पाणी तळाशी साचते. कान देऊन ऐका: चर्र आवाज अखंड चालू असेल तर ठीक, तो मंदावून खदखदू लागले तर भाजी जास्त झाली. भाज्या धुऊन फडक्यावर कोरड्या करा आणि दोन-तीन खेपांत परता. गाजर तिरके व पातळ कापून आधी घाला, मशरूम वेगळे परता आणि पालेभाजी अगदी शेवटी अर्धा मिनिट घाला.

लोखंडी_कढई:
नॉनस्टिकवर हे कधीच जमणार नाही. पातळ पत्र्याची लोखंडी कढई घ्या आणि धूर निघेपर्यंत तापवा. मी दहा वर्षे तेच करत आलो आहे.

खमंग:
नॉनस्टिक भांडे रिकामे तापवू नये, कारण सुमारे 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा थर खराब होऊ लागतो. तेवढ्यापुरते आपले बरोबर आहे. पण कढई बदलली तरी पाच जणांची भाजी एकदम टाकली तर तिला पाणी सुटणारच. आधी खेपा करून पाहू द्या, खरेदीचे नंतर बघता येईल.

मोजून_मापून:
मला खारटपणाची अधिक काळजी वाटते. एका मोठ्या चमचाभर, म्हणजे 15 मिलिलिटर, सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमची आहे आणि मुलांसाठी ती त्याहूनही कमी आहे. आपण एकूण किती चमचे घालता?

सांजवेळ:
मोजलेले नाही, पण सहा तरी होत असावेत.

मोजून_मापून:
म्हणजे वरून मीठ न घालताही प्रत्येकाच्या वाट्याला हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम जाते. तीन चमचे पुरेत. उरलेली चव आले, लसूण, लिंबाचा रस आणि आच बंद केल्यावर घातलेले थोडे भाजक्या तिळाचे तेल यांतून येऊ द्या.

लोखंडी_कढई:
त्यापेक्षा चिमूटभर अजिनोमोटो घालावे. त्यात मिठाच्या साधारण एक-तृतीयांशच सोडियम असते.

मोजून_मापून:
ते खरे असले तरी सोया सॉस तेवढाच राहिला तर त्याचा उपयोग नाही. मूळ प्रमाणच उतरवायला हवे.

खमंग:
टोफूचे राहून गेले. तो कोणता आणता?

सांजवेळ:
डब्यावर सिल्कन लिहिले आहे. टोफूत असे प्रकार असतात, हे मला माहीत नव्हते.

खमंग:
मग त्यात आपल्या हाताचा दोष नाही. सिल्कन टोफू दाबून घट्ट केलेला नसतो, तो सूपमध्येच शोभतो. घट्ट टोफू आणा, फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे वजनाखाली ठेवा, तुकड्यांना कॉर्नफ्लोअर चोळा आणि तेलात सोडल्यावर खालची बाजू आपोआप सुटेपर्यंत त्यांना हात लावू नका.

सांजवेळ:
आज दोन खेपा केल्या आणि झाकण ठेवले नाही. फरसबी कुरकुरीत राहिली, गाजर मात्र किंचित कच्चे लागले. धाकटीने फरसबी दुसऱ्यांदा मागून घेतली. घट्ट टोफू उद्या आणते. सॉस नेमका कधी घालावा?

खमंग:
सगळ्या खेपा आणि टोफू पुन्हा एकत्र केल्यावर. सॉसमध्ये दोन चमचे गार पाणी आणि लहान चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून ठेवा, कडेने ओता आणि तो चकाकेपर्यंत, फार तर मिनिटभर, हलवा. गाजर आणखी पातळ कापा.