उद्याची चिंता आणि देवाची तरतूद

प्रश्न: बुटीबोरीतील माझी कंत्राटी नोकरी मार्चअखेर संपते आहे आणि घरात मी एकटीच कमावती आहे, अशा वेळी ‘देव पुरवील’ म्हणतानाही मनात जी धाकधूक उरते, ती अविश्वास ठरते का?

उत्तर १: नाही, ताई. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातील मान्ना, म्हणजे अरण्यात इस्राएली लोकांना देवाने दिलेले अन्न, त्या-त्या दिवसापुरताच मिळे, शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातील विश्रांतीच्या दिवसाची, दुप्पट वाटणी सोडली तर साठवलेला नासत असे, आणि तरीही तो ४० वर्षे मिळत राहिला. धाकधूक घेऊनच रोज सकाळी तो वेचायला तंबूबाहेर पडणे, हाच माझ्या मते विश्वास.

उत्तर २: बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात देव ज्यांना खाऊ घालतो, ती पाखरे पेरत नाहीत, पण दाणा शोधायला उडतातच, म्हणून अर्ज करत राहा. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पाळकांनाही (धर्मगुरूंनाही) सांगा, कारण ही तरतूद पुष्कळदा मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या सोबत्यांच्या, हातून येते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. येत्या रविवारी नक्की बोलते.