मदत हवी आहे : ५ अनुदाने, ५ वेगळ्या मुदती आणि दर वेळी होणारा उशीर

नमस्कार.

मी एका लहान स्वयंसेवी संस्थेत देणगीदारांना पाठवायच्या अहवालांचे काम पाहते. आम्ही सगळे मिळून १८ जण आहोत आणि सध्या ५ अनुदानांवर प्रकल्प चालू आहेत. दोघा देणगीदारांना तिमाही, दोघांना सहामाही आणि एकाला वार्षिक अहवाल द्यावा लागतो, म्हणजे वर्षाला १३ अहवाल होतात. गेल्या वर्षी त्यांपैकी ७ उशिरा गेले आणि त्यातला एक तर मुदत उलटून ४१ दिवसांनी गेला. हे लिहिताना संकोच वाटतो आहे, पण आकडा झाकून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष लिखाणाला मला फार वेळ लागत नाही. सगळी माहिती हाताशी असेल, तर चार दिवसांत अहवाल तयार होतो. वेळ जातो तो माहिती गोळा करण्यात आणि गोळा झालेली माहिती जुळवण्यात. अलीकडचेच उदाहरण सांगते. सहामाही संपल्यापासून ३० दिवसांत अहवाल द्यायचा होता. क्षेत्रीय समन्वयकांचे आकडे आले सोळाव्या दिवशी, लेखा विभागाचा खर्चाचा तक्ता आला चोविसाव्या दिवशी, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसले, की समन्वयकांच्या म्हणण्यानुसार १२ प्रशिक्षणे झाली आहेत, पण हिशेबात खर्च ९ प्रशिक्षणांचाच आहे. उरलेल्या तीन प्रशिक्षणांसाठी उचललेल्या ॲडव्हान्सची बिले जमाच झाली नव्हती. ती मागवून, तपासून, नोंदवून होईपर्यंत मुदत केव्हाच उलटली होती.

पुढचा हप्ता अहवाल मंजूर झाल्यावरच मिळेल, असे त्या करारात आहे. हप्ता लांबला, म्हणून त्या प्रकल्पातल्या लोकांचे दोन महिन्यांचे पगार दुसऱ्या अनुदानाच्या पैशांतून तात्पुरते भागवण्यात आले. आता त्या दुसऱ्या देणगीदाराच्या अहवालात ही उचल कशी दाखवायची, हा नवाच पेच उभा राहिला आहे.

समन्वयकांच्या मागे रोज फोन न लावता त्यांच्याकडून आकडे वेळेवर कसे मिळवावेत? कामाचा अहवाल आणि खर्चाचा अहवाल शेवटच्या आठवड्याआधीच एकमेकांशी जुळावेत, यासाठी काय करता येईल? आणि पुढच्या महिन्यात देय असलेला अहवालही वेळेत होणार नाही, हे मला आजच दिसत असेल, तर तसे देणगीदाराला आताच कळवावे का? आमच्या संचालकांचे मत असे आहे, की आधी कळवले तर नाव खराब होते आणि एखाद-दोन आठवड्यांचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. मला ते पटत नाही, पण त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

प्रतिसाद : वहीखाते

मी गेली अनेक वर्षे संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून आधी त्या उचलीविषयी लिहितो. विशिष्ट हेतूसाठी दिलेला पैसा दुसऱ्या प्रकल्पाला उसना देण्यास कित्येक करारांत स्पष्ट मनाई असते, तेव्हा तो दुसरा करार आज रात्रीच वाचून काढा. ही रक्कम दुसऱ्या अनुदानाचा खर्च म्हणून कुठल्याही परिस्थितीत दाखवू नका. ती दोन प्रकल्पांमधले येणे-देणे म्हणून नोंदवा, हप्ता आला की सर्वांत आधी परत करा आणि संचालकांच्या सहीने देणगीदाराला लेखी कळवा. लेखापरीक्षकाला ती नोंद दिसणारच आहे. देणगीदाराला ती आधी तुमच्याकडून समजलेली बरी.

आता मूळ दुखण्याकडे वळू. दिलेला ॲडव्हान्स हा खर्च नसतो; बिले येऊन तपासली जाईपर्यंत ती समन्वयकाकडून येणे असलेली रक्कम असते. तुमच्याकडे १२ आणि ९ यांचा मेळ बसला नाही, तो यामुळेच. कार्यक्रम झाल्यापासून ७ दिवसांत बिले जमा करायची आणि आधीचा ॲडव्हान्स मिटल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा नियम संचालकांनी स्वतः काढला आणि पहिल्या दोन महिन्यांत कोणाचीही गय केली नाही, तर तिसऱ्या महिन्यापासून आठवण करून द्यावी लागत नाही. मात्र नियमाला पहिला अपवाद संचालकांच्याच मर्जीतल्या माणसासाठी होतो, हेही अनुभवाने सांगतो.

प्रत्येक व्हाउचरवर ते लिहितानाच अनुदानाचा आणि अंदाजपत्रकातल्या बाबीचा कोड पडला पाहिजे. महिना संपल्यावर १० दिवसांच्या आत बँकेचा ताळमेळ घालून तो महिना बंद करा आणि नंतर त्यात हात घालू नका. मग सहामाही अहवालाच्या वेळी पाच महिने तयारच असतात आणि काम फक्त सहाव्याचे उरते. कार्यालयाचे भाडे, वीज, लेखापालाचा पगार असे सामाईक खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचे, ते वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. अहवालाच्या आठवड्यात बसून हे भाडे कोणाच्या डोक्यावर टाकायचे, याची चर्चा करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. अशाच घाईत एक खर्च दोन देणगीदारांच्या नावे पडतो, आणि ते प्रकरण उशिरापेक्षा फार महाग जाते.

प्रतिसाद : पैलतीर

मी काही वर्षे अनुदान देणाऱ्या बाजूला बसून असे अहवाल वाचले आहेत, म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. उशीर लक्षात येत नाही, हा आपल्या संचालकांचा समज चुकीचा आहे. अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्यावरही वरच्या मुदती असतात. अमेरिकेच्या संघीय अनुदानांचा नियम पाहा : प्रकल्प संपल्यावर मुख्य संस्थेला अंतिम अहवालासाठी १२० दिवस मिळतात, पण तिच्याकडून पैसे घेऊन काम करणाऱ्या सहयोगी संस्थेने आपला अहवाल ९० दिवसांतच मुख्य संस्थेकडे द्यायचा असतो. मधले ३० दिवस मुख्य संस्थेला तो तपासून आपल्या अहवालात गुंफण्यासाठी लागतात, आणि सहयोगी संस्थेचे दोन आठवडे म्हणजे त्यातला जवळपास निम्मा वेळ.

त्यामुळे आजच कळवा. पत्र चार ओळींचे असावे. कोणता अहवाल, कोणता भाग तयार आहे, कशामुळे अडले आहे आणि नवी तारीख कोणती, इतकेच त्यात हवे. तारीख मात्र अशी द्या, जी काही झाले तरी पाळता येईल. एक आठवडा मागून तो चुकवण्यापेक्षा तीन आठवडे मागून दोन आठवड्यांत अहवाल देणारी संस्था माझ्या लक्षात चांगल्या अर्थाने राहत असे. मुदतीनंतर आलेल्या दोन पानी दिलगिरीचा मला काहीच उपयोग नसायचा.

यात एक गल्लत वारंवार होते. अहवालाला मुदतवाढ मागणे आणि जादा निधी न घेता प्रकल्पाचाच कालावधी वाढवून मागणे या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. दुसरी विनंती प्रकल्प संपण्यापूर्वीच लेखी मंजूर व्हावी लागते. मंजुरीशिवाय कालावधी संपल्यानंतर केलेला खर्च बहुधा संस्थेच्याच अंगावर पडतो.

अपुरा अहवाल पाठवून वेळ मारून नेण्याचा मोह मात्र टाळा. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमात नियतकालिक अहवाल कालावधी संपल्यापासून ६० दिवसांत द्यायचा असतो आणि तो मिळाल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याची मुदत धरली जाते, पण अहवाल अपुरा असल्यास ती मुदत थांबवता येते. अर्धवट अहवालाने तारीख पाळल्यासारखे दिसते, पण हप्ता तिथेच अडकून राहतो.

प्रतिसाद : पायवाट

मी स्वतः क्षेत्रीय समन्वयक होतो, म्हणून दुसऱ्या टोकाची बाजू मांडतो. आकडे उशिरा येतात, याचा अर्थ नेहमी आळस असा नसतो. आम्हाला ३ देणगीदारांचे ३ वेगळे तक्ते भरावे लागत. त्यांत तीच माहिती तीन प्रकारे मागितलेली असे आणि भरून पाठवल्यावर तिचे पुढे काय झाले, ते कधीच कळत नसे. आपल्या ५ अनुदानांसाठी समन्वयकांकडे किती तक्ते आहेत, ते एकदा मोजा.

आमच्याकडे बदल झाला तो महिन्याला एकच तक्ता ठरल्यावर. त्यातून प्रत्येक देणगीदाराचे आकडे वेगळे काढण्याचे काम कार्यालयाने स्वतःकडे घेतले. मानवतावादी मदतीच्या क्षेत्रात मोठ्या देणगीदारांनीही हे दुखणे मान्य केले आहे. २०१६ मध्ये झालेल्या ‘ग्रँड बार्गेन’ या करारानंतर ‘८ अधिक ३’ नावाचा सामाईक नमुना तयार झाला. त्यात ८ मूळ प्रश्न सर्वांना समान असतात आणि देणगीदाराला ३ जादा विषय निवडता येतात. म्यानमार, इराक आणि सोमालियात तो वापरून पाहिला गेला. तुमचे देणगीदार तो नमुना स्वीकारोत वा न स्वीकारोत, संस्थेच्या आत त्याच धर्तीवर एक मूळ अहवाल ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरे असे, की शब्दांचे अर्थ आधीच ठरवा. ‘प्रशिक्षित व्यक्ती’ म्हणजे एक दिवस हजर असलेली, की पूर्ण प्रशिक्षण संपवलेली? दोन प्रशिक्षणांना आलेली एकच व्यक्ती एकदा मोजायची की दोनदा? आकडा या सहामाहीचा हवा, की प्रकल्पाच्या सुरुवातीपासूनचा? आमच्या एका अहवालात पहिल्या सहामाहीपेक्षा दुसऱ्या सहामाहीतली एकूण लाभार्थी संख्या कमी दिसली होती, कारण पहिल्या वेळी हजेऱ्या मोजल्या गेल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी माणसे. त्या एका आकड्याच्या खुलाशाला दोन आठवडे लागले.

मूळ धागाकर्ती :

आपणा तिघांचेही मनापासून आभार. पायवाट यांनी सुचवल्याप्रमाणे तक्ते मोजले, तर ते ९ निघाले. मला ५ वाटत होते.

पाचही करार पुन्हा वाचल्यावर आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. एका तिमाही अहवालाला करारात ४५ दिवस दिलेले आहेत आणि आम्ही मात्र सगळीकडे ३० दिवस धरून धावत होतो. उलट वार्षिक अहवालासोबत लेखापरीक्षित हिशेब जोडायचा आहे, म्हणजे तिथे आमची खरी मुदत लेखापरीक्षकांकडे हिशेब पोहोचवण्याची आहे आणि ती आमच्या वेळापत्रकात कुठेच लिहिलेली नव्हती. आता पाचही करारांतल्या तारखा एका तक्त्यात घेतल्या आहेत आणि प्रत्येक तारखेच्या आधी समन्वयकांचे आकडे, महिना बंद होणे, मसुदा आणि संचालकांचे वाचन यांच्या तारखा लिहिल्या आहेत. संचालकांच्या वाचनाला मी २ दिवस दिले होते. त्यांनी स्वतःच ते ५ केले, ही त्यातल्या त्यात प्रगती म्हणायची.

पैलतीर यांचा प्रतिसाद संचालकांना वाचून दाखवला. पुढच्या महिन्याच्या अहवालासाठी १५ दिवस वाढवून मागणारे पत्र काल गेले आणि उचलीविषयीचे दुसरे पत्र उद्या जाईल. ते लिहिणे अधिक अवघड होते.

वहीखाते यांना एक उपप्रश्न आहे. आमचा गाडीचालक ३ प्रकल्पांसाठी काम करतो आणि त्याचा पगार आतापर्यंत अंदाजपत्रकातल्या टक्केवारीनेच वाटला जातो. तसे चालेल का?

प्रतिसाद : वहीखाते

चालेलच असे नाही. अंदाजपत्रकातली टक्केवारी हा आधी केलेला अंदाज असतो आणि काम प्रत्यक्षात कोणासाठी झाले, याचा पुरावा पुष्कळ देणगीदार मागतात. तुमच्या बाबतीत तो पुरावा तयारच असणार, कारण गाडीची नोंदवही असेल. तिच्यात प्रत्येक फेरीपुढे प्रकल्पाचा कोड लिहायला लावा आणि महिन्याअखेरीस त्या फेऱ्यांच्या तासांवरून पगाराची वाटणी करा. टक्केवारी आणि प्रत्यक्ष तास यांत फरक पडला, तर हिशेब प्रत्यक्ष तासांप्रमाणे दुरुस्त करा. त्या पानावर चालकाची आणि समन्वयकाची सही त्याच महिन्यात घ्या. सहा महिन्यांच्या सह्या एकाच दिवशी एकाच पेनाने केल्या असतील, तर लेखापरीक्षकाला ते वही उघडताक्षणी ओळखू येते.