शब्दचर्चा: टॅरिफ, जकात, आयातशुल्क, निर्यातशुल्क

विचारणा (तासगाव)
नमस्कार मंडळी. अमेरिकेनं भारतावर टॅरिफ लावलं, कांद्यावरचं टॅरिफ उठलं, बेदाण्यावरचं टॅरिफ वाढवा. तिन्हीकडं शब्द एकच. पैसे भरणारा तरी एकच असतो का? आणि मराठीत याला जकात म्हणायचं, शुल्क म्हणायचं की कर?

सांगली, हळदपेठ
दादा, भरणारा एक नसतो, म्हणूनच मी ‘टॅरिफ’ टाळतो. माल देशात येताना लागतं ते आयातशुल्क, बाहेर जाताना लागतं ते निर्यातशुल्क आणि दोन्ही मिळून सीमाशुल्क. ‘भारतावर टॅरिफ’ ऐकलं की वाटतं भारत सरकारनं पैसे भरले. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी 25 आणि मग 50 टक्के शुल्क केलं, ते भरत होता तिथला आयातदार. त्याचा भार इकडं येतो तो सौद्यात. तो म्हणतो, भाव उतरवा; निर्यातदार हात आखडता घेतो आणि हळकुंड मोडून गाभ्याचा रंग बघणारा खरेदीदार बोली कमी लावतो. नोव्हेंबरमध्ये त्यांनी हळदीसह बऱ्याच मसाल्यांना त्या वाढीव शुल्कातून वगळलं. त्या बातमीचा मथळा ‘टॅरिफ माफ’ असा नको, ‘हळदीवरचं अमेरिकेचं वाढीव आयातशुल्क रद्द’ असा हवा. लांब होतो, पण शेतकऱ्याला नीट कळतो.

लोणंद
कांद्याचं उलटं. ऑगस्ट 2023 मध्ये आपल्याच सरकारनं 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात तर निर्यातच बंद केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला गेलं. पट्टीवर, म्हणजे आडत्यानं दिलेल्या विक्रीच्या हिशोबावर, हमाली दिसते, तोलाई दिसते, निर्यातशुल्काची ओळ कधीच दिसत नाही. ते बोलीतच कापलेलं असतं. म्हणून हा शब्द शेतकऱ्याला माहीत असायलाच हवा.

‘किमान निर्यातमूल्य’ हाही घोळाचा शब्द. आमच्याकडं काहींना तो हमीभाव वाटला. हमीभाव म्हणजे सरकार ज्या दरानं खरेदीची हमी देतं तो दर. कांद्याला आणि हळदीला तो नाहीच. किमान निर्यातमूल्य म्हणजे याखाली परदेशात विकायला मनाई. त्यात शेतकऱ्याच्या पदरात पडण्यासारखं काही नाही.

वाई
‘जकात’ मुळात अरबी, पण आपल्या कानात शहराच्या वेशीवरचा नाका बसलाय. नाके गेले, शब्द उरला. गॅट या जुन्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या मराठी नावातही जकातच होती, तेव्हा तो शब्द चुकीचा नाही. आज मात्र शुल्क बरं.

टॅरिफही अरबीच, ‘तारीफ’चं सख्खं भावंड. मूळ अर्थ माहिती देणं, त्यावरून दरपत्रक. विजेचं टॅरिफ म्हणतात ते या अर्थाला जास्त जवळचं आहे.

खरी गंमत मराठेशाहीतल्या शब्दांत आहे. माल लादला जाई त्या ठिकाणची जकात ती थळभरीत आणि विकला जाई त्या ठिकाणची ती थळमोड. भरताना आणि मोडताना! आज आपण ज्यावर अडलोय तो भेद त्या काळच्या व्यवहारात दोन सुटसुटीत शब्दांनी होत होता. पुन्हा वापरात येतील असं नाही, पण शाळेत शिकवावेत असं मला मनापासून वाटतं.

तासगाव
आभार, वाईकर गुरुजी. मग बेदाण्याचं असं लिहू का: ‘आयातशुल्क वाढवा’?

सांगली, हळदपेठ
तेवढ्यानं भागणार नाही. अफगाणिस्तान साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारात आहे, त्यामुळं तिथल्या मालाला शुल्कात सवलत मिळते. चीनचा बेदाणा त्याच वाटेनं शिरतो, ही बागायतदारांची तक्रार आहे. शुल्क दुप्पट केलं तरी सवलतीच्या मालाला ते लागणार नाही. मागणी अशी लिहा: ‘प्रत्येक खेपेचं उगम प्रमाणपत्र तपासा.’ माल कुठं पिकला याचा तो दाखला असतो. निवेदनात आयातशुल्काच्या आधी तोच शब्द घाला.